पंपाखालची पायरी

सिग्नीचा फोन आला तेव्हा हाल्वोर धक्क्यावरच्या दुकानात उभ्या उभ्या मासळीचे वडे खात होता. फोनवर तिचं नाव दिसलं आणि घास तोंडातच राहिला. तीन वर्षांत तिनं एकदाही फोन केला नव्हता. त्यानंही नाही.

"पंप बिघडलाय," ती म्हणाली. "म्हणजे घुमतोय, पण वाफ सोडत नाही."

"घर गार पडलंय का?"

"घराचं जाऊ दे रे. लाकडाची शेगडी आहे मला. वाफ येत नाहीये. आज चौथा दिवस."

"सिग्नी, मी शहरातून दुसऱ्या कुणाला पाठवतो. चांगला माणूस आहे, हात हलका आहे त्याचा."

"लावला कुणी होता?"

"मी."

"मग तूच ये," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

हाल्वोर एकोणसाठ वर्षांचा होता. त्यातली बावीस वर्षं त्यानं या किनाऱ्यावरच्या घरांना हीट पंप बसवण्यात काढली होती. बाहेरच्या हवेतली ऊब गोळा करून घरात सोडायची, एवढंच त्या यंत्राचं काम. पूर्वेकडच्या डोंगरातल्या लोकांना वाटतं की पंपाचा वैरी म्हणजे कडाक्याची थंडी. हाल्वोर त्यावर हसायचा. उणे पंधरा असो, हवा कोरडी असेल तर पंप बिनघोर चालतो. वैरी आहे ती इथली हवा. शून्याच्या जरा वर, समुद्रावरून आलेली, चिंब ओली. बाहेरच्या पेटीतल्या नळ्या हवेहूनही गार असतात, त्यामुळे ओल त्यांच्यावर बसते आणि बसल्या जागी गोठते. तासाभरात पेटीची पाठ पांढरी होते. मग यंत्राला कळतं की आपला श्वास कोंडतोय. ते पंखा थांबवतं, उलटं फिरतं, घरातली थोडी ऊब स्वतःच्याच नळ्यांत सोडतं. बर्फ वितळतो, पाणी खाली गळतं आणि वाफेचा एक मोठा लोट पेटीतून वर येतो. पाचसात मिनिटांचा खेळ. नवीन गिऱ्हाइकं घाबरून फोन करायची, "अहो, पंपाला आग लागली!" आणि हाल्वोर त्यांना समजवायचा, की काही नाही, पाणी आहे नुसतं.

एलिंगलाही त्यानं असंच समजावलं होतं.

एलिंग म्हणजे सिग्नीचा नवरा. हाल्वोर आणि तो लहानपणी एकाच होडीतून शाळेत जायचे. हाल्वोर वल्ही मारायचा आणि एलिंग पुढं बसून हुकूम सोडायचा. मोठेपणी एलिंग लांगस्केर बेटावरच राहिला, हाल्वोर मुख्य किनाऱ्यावर गेला, पण दोस्ती होती तशीच राहिली. तीन वर्षांमागं नोव्हेंबरात एलिंगनं पंप मागवला. सिग्नीला स्वयंपाकघर उबदार हवं होतं, म्हणून पेटी बसवली बाजूच्या दाराच्या डोक्यावर, दगडी पायऱ्यांच्या वर. जागा चांगली नव्हती. पण हाल्वोरनं पाणी वाहून न्यायला रबरी नळी लावली, भिंतीच्या कडेनं खाली खडीत सोडली. पेटीच्या तळाशी आणि नळीच्या आत तापणारी तार टाकली, म्हणजे पाणी वाटेत गोठणार नाही.

फक्त ती तार जोडायची राहिली. जोडणीचा तुकडा गाडीत नव्हता. शुक्रवार होता आणि शेवटची बोट सुटायला पंचवीस मिनिटं होती. हाल्वोरनं तारेच्या टोकाला पिवळी पट्टी गुंडाळली आणि मनाशी म्हटलं, पुढच्या आठवड्यात येऊन जोडू. एलिंगला तो काही बोलला नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

पुढच्या आठवड्यात काम निघालं. त्याच्या पुढच्याही आठवड्यात निघालं. हवा कोरडी होती, म्हणून तोही निवांत होता. मग डिसेंबरात हवा फिरली. नळी आतून गोठली, तळाशी पाणी साचलं, काठावरून सांडलं आणि थेंब थेंब पायऱ्यांवर पडून गोठत गेलं. एके दिवशी सिग्नी बहिणीला भेटायला शहरात गेली होती. सकाळी एलिंग होडीचा दोर बघायला म्हणून बाजूच्या दारानं बाहेर पडला आणि पहिल्याच पायरीवरून घसरला. खुब्याचं हाड मोडलं. फोन आत, कोटाच्या खिशात. दुपारच्या बोटीनं सिग्नी परतली तोवर तो तिथंच पडून होता. डोक्यावरचा पंप दर चाळीस मिनिटांनी थांबत होता, वाफ सोडत होता आणि त्याच्या अंगावर पाणी गाळत होता. सिग्नीनं त्याला उचलायला बघितलं तेव्हा त्याचा स्वेटर दगडाला चिकटलेला होता.

बर्फावरून पाय घसरून मृत्यू, असं कागदावर लिहिलं गेलं. या भागात दर हिवाळ्यात कुणी ना कुणी घसरतंच, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. शवपेटी उचलायला सहा माणसं होती. त्यात पुढं, डाव्या बाजूला हाल्वोर होता.

बोटीवर नेहमीचा खलाशी ट्रुल्स होता. त्यानं हाल्वोरची गाडी आत घेतली आणि खिडकीवर टकटक केली.

"काय रे, लांगस्केर? मला वाटलं तुला त्या बेटाचं वावडं आहे."

"काम आहे."

"तीन वर्षं माझ्या बोटीवर पाय ठेवला नाहीस. तिथल्या लोकांचे पंप काय देव दुरुस्त करतो?"

"तू तुझे दोर सांभाळ, ट्रुल्स."

"बरं बाबा, बरं. जा वर, गरम स्वेले आहेत, ते तरी खा. तोंड बघ कसं झालंय, मयताला निघाल्यासारखं."

हाल्वोर ती गोड, जाड धिरडी खायला वर गेला नाही. पस्तीस मिनिटं तो गाडीतच बसून राहिला. काचेवर पाऊस आणि बर्फ एकत्रच पडत होते. गाडीच्या मीटरवर बाहेरच्या तापमानाचा आकडा होता, एक.

सिग्नी पुढच्या दारात उभी होती. वाळली होती, पण केस नीट विंचरलेले, अंगावर एलिंगचा राखाडी स्वेटर. तोच की दुसरा, हे बघायची हाल्वोरची छाती झाली नाही. तिनं त्याला स्वयंपाकघरात बसवलं, कॉफी ओतली, लोणी लावलेली पातळ लेफ्से पोळी पुढं केली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. त्या खिडकीतून बाजूच्या पायऱ्या दिसायच्या.

"आधी बघून येतो," हाल्वोर म्हणाला.

"बस. कॉफी पी. बघायचंय ते कुठं पळून जात नाही." मग ती थोडी थांबली. "मी येडी झालेय असं तुला वाटेल. वाटू दे. तो येतो, हाल्वोर."

हाल्वोरनं कप खाली ठेवला.

"पहिल्या हिवाळ्यात मलाही वाटलं, भास असेल," ती शांतपणे सांगत होती, जणू शेजारच्या बाईबद्दल बोलतेय. "पंखा थांबतो. मग तो आवाज येतो, खट् करून, आणि मग कुणी लांब श्वास सोडावा तसा. वाफ वर येते, आणि त्यात तो उभा असतो. डाव्या पायावर भार टाकून. तुला माहितेय ना, तो कसा उभा राहायचा."

हाल्वोरला माहीत होतं. चौथीत असताना धक्क्यावर पडल्यापासून एलिंगचा उजवा गुडघा धड नव्हता.

"काही बोलतो का?"

"नाही. माझ्याकडे बघतही नाही. मी काचेवर बोट वाजवते, हाक मारते. तो आपला रस्त्याकडे बघत असतो. बोट लागते ना खाली, त्या बाजूला. कुणाची तरी वाट बघितल्यासारखा. मग पंखा फिरतो आणि गेला." तिनं हातानं टेबलावरचे कण गोळा केले. "चार दिवस झाले, वाफ नाही. तेवढं दुरुस्त कर. बाकी मला काही नको."

हाल्वोर उठला. बाजूच्या दाराकडं गेला. दाराला आतून आडवी फळी ठोकलेली होती. त्यानं ती काढली नाही, घराला वळसा घालून गेला.

पायऱ्या दिसतच नव्हत्या. वरून खालपर्यंत एकच पिवळट, गुळगुळीत बर्फाची लादी होती, माणसाच्या मांडीएवढी जाड. वर पेटीची पाठ पांढरी गच्च झालेली. तळातला बर्फ वाढत वाढत वर चढला होता आणि पंख्याच्या पात्याला घासत होता. नळीला हात लावला, तर ती काठीसारखी कडक. आणि भिंतीलगत, त्यानं सोडलं होतं तिथंच, तारेचं टोक लोंबत होतं. त्याच्या स्वतःच्या हातची पिवळी पट्टी अजून टोकाला होती. पट्टीची कड सुटली होती आणि ती कुणीतरी परत दाबून नीट बसवली होती. वरून शिवणाचा पांढरा दोरा बांधला होता, बारीक, सफाईदार गाठ मारून.

त्यानं वर बघितलं. सिग्नी खिडकीतून त्याच्याकडे बघत होती.

मग हातांनी आपलं काम सुरू केलं, कारण हातांना ते येत होतं. पेटीचा वीजपुरवठा तोडला. बर्फ ठोकून काढायचा नसतो, नळ्या फुटतात. त्यानं पुढच्या दारानं जाऊन कोमट पाण्याच्या बादल्या आणल्या आणि हळूहळू ओतत राहिला. सिग्नी आत पाणी तापवून देत होती. सहा बादल्या झाल्यावर नळ्यांची पातळ पानं दिसायला लागली. बर्फ बसलाय हे यंत्राला सांगणारी बारकी कांडी तळाशी होती. चढत्या बर्फानं तिची वायर चेंगरून तोडली होती. यंत्राला कळतच नव्हतं की आपण गोठलोय. ते बिचारं चार दिवस नुसतं घुमत होतं.

त्यानं नवी कांडी बसवली. मग खिशातून जोडणीचा तुकडा काढला. त्या शुक्रवारनंतर तसले तुकडे गाडीत डझनानं असायचे. दोरा सोडवायला गेला, तर गाठ सुटेना.

"कापून टाक," मागून सिग्नी म्हणाली. ती अंगणात आली होती, एलिंगच्या मोठ्या बुटांत.

हाल्वोर वळला नाही. "मी जोडली नव्हती, सिग्नी. तुकडा नव्हता माझ्याकडे. बोट चुकली असती. परत येणार होतो मी. खरंच येणार होतो."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. बर्फ कुठून आला ते बघायला आले होते इथं. मला विजेतलं काही कळत नाही, पण नुसतं लोंबणारं टोक आंधळ्यालाही कळेल."

"मग बोलली का नाहीस? कुणालाच?"

"तू येशील म्हणून." तिचा आवाज चढला नाही. "मला वाटलं, आठवडाभरात येईल. मग वाटलं, ईस्टरला येईल. शवपेटी उचललीस तेव्हा तुझं तोंड बघितलं होतं मी, हाल्वोर. असा माणूस फार दिवस लांब राहणार नाही, असं वाटलं. म्हणून मी इथलं काही हलवलं नाही. आलास की दिसावं तुला."

"तीन वर्षं तू या बर्फाकडे बघत..."

"मी त्याच्याकडे बघत होते. बर्फाकडे कोण बघतंय."

माफ कर म्हणायला हाल्वोरनं तोंड उघडलं, पण शब्द इतका बारका वाटला की त्यानं तो गिळला. दोरा कापला, पट्टी काढली, तार जोडली. तळाशी हात धरून ऊब येतेय का बघितलं. येत होती. मग नळीत कोमट पाणी सोडून आतला बर्फ मोकळा केला आणि वीज चालू केली.

पंप सुरू झाला. ओल्या हवेत पेटीची पाठ बघता बघता पांढरी व्हायला लागली.

"किती वेळ लागेल?" सिग्नीनं विचारलं.

"या हवेत? पाऊण तास."

"मी आत बसते. तू थांब इथं."

"मी पण आतच..."

"तू इथं थांब," ती म्हणाली. मोठे बूट फरफटवत ती आत गेली.

अडीच वाजले होते. उजेड विरत चालला होता. पाऊस थांबला, वाराही पडला. खाली समुद्र शिशाच्या पत्र्यासारखा होता. हाल्वोर बर्फाच्या लादीसमोर उभा राहिला. इतकी वर्षं त्यानं हजारो वेळा हे होताना बघितलं होतं, सँडविच खात, घड्याळ बघत. आज त्याची नजर पेटीवरून हलत नव्हती.

पंखा थांबला.

सगळीकडे एकदम सामसूम झाली. मग आत खट् वाजलं आणि एक लांब, थकलेला उसासा निघाला. नळ्यांवरचा पांढरा थर राखाडी झाला, ओला झाला, खाली सरकायला लागला. पाणी तळात पडलं आणि नळीतून गडगडत खडीकडं गेलं. पायऱ्यांवर एक थेंबही आला नाही. आणि मग वाफ आली. वारा नव्हता, म्हणून ती उडाली नाही. पेटीतून उतरून पायऱ्यांवर जमली, दाट होत गेली, माणसाच्या उंचीची झाली. डावीकडं थोडी कललेली.

हाल्वोरचा एक हात भिंतीवर होता.

"एलिंग," तो म्हणाला. "शुक्रवार होता रे. मला बोट पकडायची होती. तुला सांगायला हवं होतं, त्या दारानं जाऊ नकोस म्हणून. एवढं सांगायला काय लागत होतं. मी नाही सांगितलं."

वाफ जवळ आली. कोमट ओल त्याच्या तोंडावर बसली, दाढीत शिरली आणि तिथंच गार होत गेली. ओल्या लोकरीचा वास आला. हाल्वोरनं डोळे गच्च मिटून घेतले. किती वेळ, ते त्याला कळलं नाही. पंखा गरगरला तेव्हा त्यानं डोळे उघडले. समोर नुसती ओली भिंत होती आणि त्याच्या दाढीवर बर्फाचे कण.

तो आत गेला तेव्हा सिग्नी खिडकीशी उभी होती, तळहात काचेवर टेकलेला.

"बघितलं का त्यानं तुझ्याकडे?" तिनं विचारलं. "मला इथून पाठच दिसली. पहिल्यांदाच पाठ दिसली त्याची."

"माहीत नाही. मी डोळे मिटले होते."

सिग्नी त्याच्याकडे बघत राहिली आणि मग एकाएकी हसली. हसता हसता तिला खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं. "शाळेतही तू असाच होतास," ती म्हणाली. "घाबरट मेला."

पुढच्या शनिवारी येऊन त्यानं पायऱ्यांवरची लादी कोमट पाण्यानं वितळवून काढली, दारावरची फळी काढली, पेटीवर छोटं छप्पर घातलं. सिग्नीनं माशाचं सूप वाढलं. माफीचा विषय दोघांपैकी कुणीच काढला नाही. त्या हिवाळ्यात हाल्वोर किनाऱ्यावरच्या जुन्या घरांना एकामागून एक भेट देत सुटला. आपण लावलेला प्रत्येक पंप उघडून बघायचा, तार जोडलीय ना, नळी मोकळी आहे ना. लोक विचारायचे, बोलावलं नसताना कसा आलास? तो म्हणायचा, इथून चाललो होतो.

फेब्रुवारीच्या अखेरीला सिग्नीचा फोन आला. दुपारची वेळ होती. हाल्वोर स्वतःच्या स्वयंपाकघरात भांडी पुसत होता आणि त्याची बायको गुनवोर पलीकडच्या खोलीत रेडिओ ऐकत होती.

"पंप झकास चाललाय," सिग्नी म्हणाली. "वाफ येते, जाते. पण नुसतीच वाफ."

हाल्वोरनं पुसत असलेली बशी खाली ठेवली.

"तुझ्याकडं आलाय का तो?"

"नाही," हाल्वोर म्हणाला. पलीकडं ती नुसती थांबून राहिली. तीन वर्षं थांबली होती तशी. त्याच्यानं ते सहन झालं नाही. "हो," तो म्हणाला. "लादी काढून घरी आलो ना, त्याच आठवड्यापासून. मागच्या भिंतीपाशी, आमच्या पंपाच्या वाफेत. गुनवोरला दिसत नाही."

"कसा आहे?"

"तसाच. पण आता तोंड समोर असतं. माझ्याकडे बघतो."

"रागानं?"

"नाही गं. रागानं असता तर बरं झालं असतं. होडीत बसून बघायचा ना, मी वल्ही चुकवली की, तसा."

सिग्नीनं लांब श्वास सोडला. हाल्वोरला वाटलं ती रडेल. पण ती बोलली तेव्हा आवाज अगदी रोजच्यासारखा होता.

"मार्च संपला की हवा कोरडी होईल. मग पंप बर्फ धरायचा नाही."

"हो. ऑक्टोबरपर्यंत नाही."

"मग पाचसहा आठवडे आहेत तुझ्याकडे. त्याला काय सांगायचं राहिलं असेल ते सांगून घे. आणि हाल्वोर, डोळे उघडे ठेव या वेळी."

फोन बंद झाला. गुनवोरनं आतून विचारलं, "कोण होतं रे?"

"लांगस्केरची सिग्नी," तो म्हणाला. त्यानं हातातलं फडकं खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि पलीकडच्या खोलीत जाऊन रेडिओ बंद केला. गुनवोर त्याच्याकडे बघायला लागली. तो तिच्यासमोर बसला आणि त्या शुक्रवारपासून सगळं सांगायला सुरुवात केली.